अनामिकाच्या हाती खराटा

ओळख झाकली की माणूस बेबंद होतो, असे आपण धरून चालतो. अमेरिकेत फिलिप झिंबार्डो यांच्या १९६९ सालच्या प्रयोगात डोके-चेहरा झाकलेल्या विद्यार्थिनींनी विजेचे (अर्थात खोटे) धक्के जास्त वेळ दिले.

वऱ्हाडचा इतिहास मात्र आम्हाला वेगळेच सुचवतो. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे वाढलेले डेबूजी जानोरकर १९०५ साली घर सोडून निघाले. १९१७ पर्यंत ते अनोळखी म्हणूनच हिंडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि फुटके गाडगे. गावात शिरावे, रस्ता झाडावा, मग भाकरी मागावी. कुठे लोक गोधडे महाराज म्हणत, कुठे चिंधेबुवा. पाण्याआधी जात विचारणाऱ्या समाजात असे बिननावाने राहणे सोपे नव्हे!

मग झिंबार्डो चुकले का? १९७९ मध्ये जॉन्सन आणि डाउनिंग यांनी काही जणींना वर्णद्वेषी क्लॅनसारखे झगे दिले, काहींना नर्सचा पोशाख. ओळख लपल्यावर नर्सच्या वेषातल्यांनी धक्के उलट कमी केले. नाव गेले की हातातली वस्तू, अंगावरचा वेषच माणसाला वळण देतो, असे आम्हाला वाटते.

पुढे डेबूजींचे गाडगेबाबा झाले, गर्दी लोटू लागली. बाबा कुणाला पाया पडू देत नसत.