दमसासाचे शास्त्र : प्रस्तावना

करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिराजवळ ९६ पायऱ्यांची बारव आहे. तिच्या तळापासून भरभर वर चढून पाहा. पहिल्या वीस-पंचवीस पायऱ्या सहज सरतात. धाप लागते ती पुढे, आणि वर येऊन उभे राहिलात तरी ती लगेच थांबत नाही. श्रम तर संपले. मग छातीचा भाता कशासाठी चालू राहतो? हा प्रश्न ज्यांना पडला, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे.

तालमीतले वस्ताद याला ‘दम’ म्हणतात, आणि दम छातीत असतो असा आपला समज असतो. निरोगी फुफ्फुसे मात्र व्यायामातही बहुधा रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरून देतात. दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. विश्रांतीत त्यातला जेमतेम ५ मिलिलिटर खर्ची पडतो, जोराच्या व्यायामात १५ किंवा त्याहून जास्त. हा जादा ऑक्सिजन काढून घेतात ते स्नायू. राबणारा स्नायू तापतो, त्यात आम्लता वाढते, आणि तिथेच हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. ज्याची गरज मोठी, त्याच्याच पदरात जास्त! इतकी न्याय्य वाटणी आपल्या कालव्यांच्या पाण्यालाही लाभलेली नाही.

मागणी क्षणात वाढते, पुरवठ्याला मात्र मिनिटभर तरी लागतो. मधली तूट स्नायू क्रिएटिन फॉस्फेटवर आणि ऑक्सिजनविना साखर फोडून भागवतात. १९२२ चे नोबेल मिळवणाऱ्या ए. व्ही. हिल यांनी या उसनवारीला ‘ऑक्सिजनचे ऋण’ म्हटले. शब्द टिकला; पण श्रमानंतरची धाप मुख्यतः लॅक्टिक आम्लाचा हिशेब मिटवण्यासाठी असते, हा समज टिकला नाही. लॅक्टेट हे स्नायूंचे इंधनही आहे. जुनी पुस्तके चाळताना वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावला आणि रौप्यपदक घेऊन आला. एवढा वेळ उसनवारीवर निघत नाही. कुस्तीत तिचा वाटा मोठा, कारण तिथे झटापट अधूनमधून एकदम उसळते.

समीकरणे दिसली की दचकू नका. पहिल्या वाचनात ती खुशाल सोडा. हृदयविकार असलेल्यांनी बारवेचा प्रयोग वाचण्यावरच समाधान मानावे. इतरांनी वर पोचल्यावर धाप किती वेळ टिकते ते घड्याळात पाहून लिहून ठेवावे. पहिले प्रकरण त्याच आकड्यापासून सुरू होते.