रीफ टँकमधील कृमी

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवण्यासाठी ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात विकत न आणता दाखल होणाऱ्या रहिवाशांत कृमींचा भरणा मोठा. ते येतात लाइव्ह रॉकच्या, म्हणजे समुद्रातून जीवांसकट आणलेल्या प्रवाळी खडकाच्या भोकांतून, प्रवाळाच्या तुकड्याला चिकटून किंवा गोगलगायीबरोबर आलेल्या वाळूतून. दिवसा बहुतेक जण दडून बसतात. रात्री दिवे मालवल्यावर कोणी टॉर्च मारला, की खडकाखालून गुलाबी, केसाळ काहीतरी सरकताना दिसते आणि मालकाची झोप उडते.

‘कृमी’ हा प्राण्यांचा एक गट नव्हे. टाकीत दिसणाऱ्यांपैकी बरेचसे गांडुळाचे भाऊबंद, म्हणजे वलयी प्राणी असतात. चपटे कृमी त्यांच्यापासून फार दूरचे, आणि चपट्यांसारखे दिसणारे काही तर त्या गटातलेही नाहीत. त्यामुळे एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

नेहमी भेटणारा कृमी म्हणजे ब्रिसल वर्म. गुलाबी किंवा तपकिरी अंग, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके. युरिथोई कॉम्प्लॅनाटा ही त्याची जगभरच्या उष्ण समुद्रांत नोंदलेली जात, जी आता अनेक दिसायला सारख्या जातींचा समूह मानली जाते. हा प्राणी मेलेले मासे आणि उरलेले खाणे फस्त करतो. मेलेल्या माशाभोवती तो जमलेला दिसला की मारेकरी म्हणून त्याचेच नाव पुढे येते. बहुतेक वेळा तो मासा मेल्यानंतर पोहोचलेला असतो. मात्र त्याला उघड्या हाताने धरू नये. ते केस चुनायुक्त आणि ठिसूळ असतात, कातडीत मोडून राहतात आणि आग होते. चिकटपट्टी लावून ओढली की बरेचसे निघतात. चिमटा आणि हातमोजे हाताशी असावेत, पण ओढाताण नको, कारण युरिथोईचे तुटलेले तुकडे पुन्हा वाढून पूर्ण कृमी होऊ शकतात.

प्रवाळ खरोखर कुरतडणारा त्याचा नातलग म्हणजे हर्मोडाइस कॅरुनक्युलाटा. पांढऱ्या केसांजवळ कल्ल्यांचे लालसर झुबके आणि डोक्यावर मांसल, घड्या पडलेला तुरा ही त्याची ओळख. तो अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला असल्याने हिंदी-प्रशांत महासागरातील प्रवाळांच्या टाकीत सहसा आढळत नाही. घाबरून टाकी उपसणाऱ्यांनी एवढे तरी आधी पाहावे.

ब्रिसल वर्म अचानक शेकड्यांनी दिसू लागले, तर दोष कृमींचा कमी आणि खाणे टाकणाऱ्या हाताचा जास्त. खाणे निम्म्यावर आणावे, वाळूवरचा गाळ नळीने ओढून काढावा. काही आठवड्यांत त्यांची संख्या उतरते. आमिषाचे पिंजरे मिळतात. ॲरो क्रॅब हा लांब पायांचा खेकडाही ब्रिसल वर्म खातो, पण तो इतर लहान प्राण्यांच्या खोड्या काढतो, म्हणून लहान टाकीत त्याला आणणे महागात पडू शकते. माशांच्या रोगावरचे तांबेयुक्त औषध कृमींवर ओतणे हा तर शुद्ध आततायीपणा: ते प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांचाही बळी घेते.

युनिसिड कुळातले कृमी मात्र वेगळे प्रकरण आहे. अंगावर इंद्रधनुषी चकाकी, डोक्यावर पाच स्पर्शिका आणि तोंडात कात्रीसारखे जबडे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात, न्यूकी येथील ब्लू रीफ ॲक्वेरियममध्ये २००९ साली प्रवाळ तुटलेले आणि मासे जखमी झालेले आढळू लागले. सापळे लावून चोर सापडेना, तेव्हा कर्मचाऱ्यांनी टाकीतले खडक एकेक करून उचलले आणि सुमारे चार फूट लांबीचा कृमी बाहेर आला. त्याचे नाव ठेवले बॅरी! जपानमध्ये याच कुळातला जवळपास तीन मीटर लांबीचा नमुना नोंदलेला आहे. असा संशय आला, की तो खडकच वेगळ्या बादलीत काढणे उत्तम. नेहमीपेक्षा बऱ्याच खारट पाण्यात खडक बुडवला की आतले कृमी सहसा बाहेर पडतात.

भारतात लाइव्ह रॉकचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळ २००१ पासून आहेत. मालवण असो वा लक्षद्वीप, तिथला प्रवाळ तोडून टाकीत ठेवणे गुन्हा आहे. कोरड्या, निर्जीव खडकाने टाकी सुरू केली तर कृमींचा मोठा दरवाजाही आपोआप बंद होतो.

काचेवरच्या पांढऱ्या, तीळभर चक्राकार नळ्या, पिसांचा पंखा उघडणारे नळीकृमी आणि वाळूवर पांढरे धागे पसरणारे स्पॅगेटी वर्म यांना हात लावण्याचे कारण नाही.

उरले चपटे आणि चपट्यांसारखे दिसणारे. काचेवर आणि प्रवाळावर लालसर तपकिरी, मागे टोके फुटलेले काही मिलिमीटरांचे ठिपके पसरले, तर ते बहुधा कॉन्व्होल्युट्रिलोबा. हे कळ्या फुटाव्यात तसे अंगातून नवे जीव काढतात, म्हणून पाहता पाहता काच भरते. ते थेट प्रवाळ खात नाहीत. त्याच्यावर चढून प्रकाश अडवतात. औषध टाकण्याआधी शक्य तितके नळीने ओढून घ्यावेत, कारण एकदम मेल्यावर त्यांच्या अंगातले विष पाण्यात उतरते आणि मासे दगावतात. औषधानंतर लगेच पाणी बदलणे आणि सक्रिय कोळसा लावणे आवश्यक.

अमाकुसाप्लाना अ‍ॅक्रोपोरी हा त्याहून चिवट. त्याचे शास्त्रीय वर्णन २०११ मध्ये झाले. तो अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या रंगात इतका मिसळतो की प्राण्याऐवजी त्याने घेतलेल्या चाव्यांचे फिकट, गोलसर डाग आधी दिसतात. औषधी पाण्यात प्रवाळ बुडवून हलवला की कृमी गळून पडतात, पण फांद्यांच्या मुळाशी, मेलेल्या सांगाड्यावर चिकटवलेली तपकिरी अंडी तशीच राहतात. ती खरवडावी लागतात किंवा तो भागच कापून टाकावा लागतो. त्यानंतर नवा प्रवाळ काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून दर आठवड्याला पुन्हा बुडवायचा, म्हणजे उरल्यासुरल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले नवी अंडी घालण्याआधीच सापडतात.