निळीचं मोल



पांढरे कपडे धुतले की शेवटच्या पाण्यात आपण थोडी नीळ टाकतो. आजची ही नीळ कारखान्यात तयार होते. पण नीळ हे मुळात एका झाडाचं नाव. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कापड निळं करायचं तर हे झाड शेतात पिकवावं लागे.

आभाळाचा निळा रंग सगळ्यांनाच आवडतो, पण तो कापडावर आणणं सोपं नाही. निळ्या फुलांचा रंग धुण्यात टिकत नाही. हळदीचा रंगही उन्हात विटतो. नीळ मात्र टिकते. म्हणून तिला जगभर मागणी होती.

निळीचं पान हिरवंच असतं. कापलेलं पीक हौदात भिजवून आंबवत. मग मजूर ते पाणी तासन्‌तास घुसळत. हवा लागली की पाणी निळं होई आणि गाळ खाली बसे. तो उकळून, दाबून, त्याच्या वड्या वाळवत आणि जहाजानं विलायतेला पाठवत.

हा रंग पिकवणाऱ्याला काय मिळे? बंगालात शेतकऱ्याला आगाऊ पैसे देऊन नीळ लावायला भाग पाडत. ते कर्ज पिढ्यान्‌पिढ्या फिटत नसे. १८५९ साली तिथले शेतकरी निळीविरुद्ध उठले. बिहारच्या चंपारणात 'तिनकठिया' होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावायचीच, अशी सक्ती.

१८९७ साली जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि शेतातल्या निळीचा भाव पडला. मग निळवाले साहेब म्हणू लागले, 'नीळ लावू नका, पण त्या बदल्यात सारा वाढवून द्या, नाहीतर रोख रक्कम द्या.' म्हणजे नीळ होती तेव्हाही तोटा शेतकऱ्याचा, आणि नीळ गेली तेव्हाही त्याचाच.

राजकुमार शुक्ल नावाच्या चंपारणच्या शेतकऱ्यानं गांधीजींचा पिच्छा पुरवला. १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी तिथे गेले. हजारो शेतकऱ्यांचे जबाब लिहून घेतले गेले. १९१८ साली कायदा होऊन तिनकठिया बंद झाली.

त्या गावांत शाळा काढल्या, तेव्हा शिकवायला आपल्याकडच्या बायकाही गेल्या. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन. मुलांना अक्षरं शिकवायची आणि घरोघरी स्वच्छतेचं सांगायचं, हे त्यांचं काम.

गांधीजींनी आत्मकथेत एक प्रसंग लिहिला आहे. भितिहरवा गावाजवळच्या एका वस्तीत बायकांची लुगडी फार मळलेली दिसली. त्या कपडे का धूत नाहीत, हे विचारायला त्यांनी कस्तुरबांना सांगितलं. एका बाईनं कस्तुरबांना झोपडीत नेलं आणि घर दाखवलं. पेटी नाही, कपाट नाही. अंगावर आहे तेवढंच लुगडं. धुवायला काढलं तर नेसायचं काय?

ज्या मुलखानं जगाच्या कापडाला रंग दिला, तिथल्या बाईकडे दुसरं लुगडं नव्हतं.

मैत्रिणींनो, आजही व्यापारी आगाऊ पैसे, बियाणं घेऊन दारात येतात. तुमच्या गटात असा करार आला, तर अंगठा किंवा सही करण्याआधी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या. आणि दोन गोष्टी विचारा: भाव कोण ठरवणार? बाजार पडला तर तोटा कोणाचा?