कोताबातोची २० जूनची सुट्टी

फिलिपिन्सच्या मिंदानाव बेटावरील कोताबातो शहरात दरवर्षी २० जूनला स्थानिक सुट्टी असते. १९५९ साली याच दिवशी या गावाला शहराची सनद मिळाली. 'कुता वातो' म्हणजे दगडी कोट. हा 'कुता' आपल्या 'कोट'चाच भाऊबंद, हे वर्गात सांगायला आम्हाला फार आवडतं.

आज इथे मुस्लिम बहुसंख्य आहेत. तरी १९८९ आणि २००१ च्या मतदानात शहराने मुस्लिम स्वायत्त प्रदेशात जायला नकार दिला. त्या प्रदेशाचं मुख्यालय मात्र इथेच! अखेर जानेवारी २०१९ मध्ये कौल फिरला आणि शहर बांगसामोरो प्रदेशात सामील झालं. सुट्टी तीच राहिली, मुस्लिम आणि ख्रिस्ती, सगळ्यांची.