नवा नंबर तुमचा, हप्त्याचे फोन जुन्या मालकाचे! तक्रार कुठे करायची, भरपाई कशी मागायची?

अहिल्यानगर : नवं सिम घेतलं, रिचार्ज मारला आणि दुसऱ्याच दिवशी फोन सुरू. "तुमच्या ट्रॅक्टरचा हप्ता थकला आहे." ट्रॅक्टर तर कधी घेतलाच नाही! तरी रेकॉर्ड केलेला तोच आवाज दिवसातून चार-पाच वेळा वाजतो. शेवगाव-पाथर्डीपासून अकोले-संगमनेरपर्यंत कुणावरही ही वेळ येऊ शकते. कारण सिम नवं असलं तरी नंबर नवा असेलच असं नाही. आधी तो दुसऱ्या कुणाचा असू शकतो.

नंबर दुसऱ्याकडे कसा जातो?

प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि खात्यात किमान शिल्लकही नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुढचे किमान ९० दिवस कुणालाही देता येत नाही. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळतो. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं. मात्र जुन्या मालकाने बँकेत किंवा फायनान्स कंपनीत नंबर बदलला नसेल, तर त्याचे फोन नव्या मालकाला येत राहतात.

कोणता फोन, कुठे तक्रार?

जाहिरातीचा फोन : कर्ज घ्या, प्लॉट घ्या, विमा काढा असे फोन आले तर १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर तक्रार करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बदललेल्या नियमांनुसार फोन आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरात आली असेल, तर आधी डीएनडी नोंदणी केलेली नसली तरी चालतं.

दुसऱ्याच्या कर्जाचा वसुलीचा फोन : "हा नंबर आता माझा आहे, तुमचा कर्जदार मी नाही," एवढंच सांगा. आधार, पॅन किंवा खाते क्रमांक देऊ नका. मग त्या बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल किंवा लेखी अर्ज करा. कायमच्या बंद झालेल्या नंबरांची सरकारी यादी वापरून आपल्या नोंदी साफ करा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना बजावलं आहे. अर्जात याचा उल्लेख जरूर करा. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८.

फसवणुकीचा संशय : 'संचार साथी'वरील 'चक्षू' सुविधेत कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० लावा.

दंड होतो, पण तो तुमच्या खिशात येत नाही

अनेकांचा गैरसमज इथेच होतो. एखाद्या नंबरविरुद्ध १० दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. पहिल्या वेळी १५ दिवस त्याचे जाणारे फोन बंद, पुन्हा सापडला तर वर्षभर सगळ्या कंपन्यांत काळ्या यादीत. मोबाईल कंपन्यांनाही लाखांत दंड होऊ शकतो. पण यातला एक रुपयाही तक्रारदाराला मिळत नाही.

अमेरिकेत १९९१ च्या कायद्याने असे रेकॉर्ड केलेले फोन विनापरवानगी आले, तर ग्राहक थेट कोर्टात जाऊन प्रत्येक फोनमागे ५०० डॉलर मागू शकतो. मुद्दाम केले असतील तर १,५०० पर्यंत. नंबर दुसऱ्याला गेला का हे कंपन्यांना तपासता यावं म्हणून २०२१ पासून तिथे वेगळी नोंदवहीही आहे. आपल्याकडे असा ठरलेला दर नाही. भरपाई मागायची तर ग्राहक आयोगाची पायरी चढावी लागते.

भरपाईचं दार : जिल्हा ग्राहक आयोग

मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये शिक्कामोर्तब केलं. नको असलेल्या फोनवरून २००६ मध्ये दिल्लीच्या राज्य आयोगाने मोबाईल कंपनी आणि बँकांना मिळून ७५ लाखांचा दंड केला होता. ते प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना सांगितलं, की आयोगाचा आदेश मान्य नसेल तर थेट उच्च न्यायालयात न जाता राष्ट्रीय आयोगात अपील करा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. रिचार्ज तुम्ही भरता, म्हणून तुम्ही मोबाईल कंपनीचे ग्राहक आहात. ज्या फायनान्स कंपनीचा फोन येतो, तिचे ग्राहक तुम्ही नाही. त्यामुळे तक्रारीचा पाया 'फोन आला' एवढाच ठेवून भागत नाही. 'तक्रार करूनही माझ्या मोबाईल कंपनीने काही केलं नाही, ही सेवेतली त्रुटी,' हा मुद्दा जास्त टिकतो. म्हणून आधी १९०९, मग कंपनीचं तक्रार केंद्र, तिथून समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील, आणि शेवटी आयोग, असा क्रम ठेवा.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगरच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि रिचार्ज त्यात आरामात बसतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही. घरबसल्या 'ई-जागृती' पोर्टलवरही तक्रार दाखल होते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

हे आधी जमवा

• सिम घेतल्याची तारीख आणि रिचार्जच्या पावत्या
• कॉल लॉगचे स्क्रीनशॉट : नंबर, तारीख, वेळ दिसायला हवी
• शक्य असेल तर फोनचं रेकॉर्डिंग
• प्रत्येक तक्रारीचा क्रमांक आणि कंपनीचं उत्तर
• झालेला त्रास किंवा नुकसान थोडक्यात लिहून

किती भरपाई द्यायची हे आयोग पुराव्यावर ठरवतो. कॉल लॉग मोबाईलमधून उडाला की पुरावाही गेला, म्हणून स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

स्वतःचा जुना नंबर सोडतानाही काळजी घ्या. बँक, आधार, पीएम किसान, गॅस, सोसायटी सगळीकडे नवा नंबर द्या आणि जुन्या नंबरचं व्हॉट्सॲप खातं डिलीट करा. नाहीतर तुमच्या हप्त्याचा फोन उद्या दुसऱ्याच्या घरी वाजेल, आणि तुमचा ओटीपीही तिथेच जाईल.