गिलेलायची टिपणवही : विद्यार्थी किर्केगार्द आणि उत्तर-आधुनिक वाचन

उत्तर-आधुनिकतेचे पूर्वसूरी शोधण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बराच झाला. त्यात नीत्शेच्या जोडीने घेतले गेलेले एक नाव म्हणजे सरेन किर्केगार्द (१८१३-१८५५). टोपणनावांच्या आड राहून केलेले लेखन, हेगेलच्या तत्त्वव्यूहाची थट्टा, निष्कर्ष वाचकावर सोपविण्याची पद्धती हे सारे पाहता ही निवड स्वाभाविकच म्हटली पाहिजे. अडचण एवढीच की, हा लेखक स्वतःला अखेरपर्यंत ख्रिस्ती प्रश्नाचा लेखक मानत राहिला. ही अडचण बाजूला सारावी की तिच्यापासूनच वाचनाला आरंभ करावा, या प्रश्नाचा विचार त्याच्या विद्यार्थिदशेतील टिपणांच्या आधारे करण्याचा येथे प्रयत्न आहे.

किर्केगार्दने १८३० मध्ये कोपनहेगन विद्यापीठात धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी नाव नोंदविले आणि अंतिम परीक्षा दिली ती १८४० मध्ये. या दहा वर्षांतील त्याची दिनचर्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला साजेशी मुळीच नव्हती. कॉफीगृहे, नाट्यगृह, पुस्तकांची दुकाने, शिंपी, तंबाखू यांवर तो इतका खर्च करी की, लोकरीच्या व्यापारात संपन्न झालेल्या वडिलांना त्याची देणी फेडावी लागली. नोव्हेंबर १८३५ मध्ये विद्यार्थी संघात व्याख्यान देऊन त्याने उदारमतवादी वृत्तपत्रांचा समाचार घेतला. फाउस्ट, डॉन जुआन आणि भटका ज्यू या तीन मिथ्यकथांवर तो टिपणे काढीत होता. १८३७ मध्ये मार्टेन्सेन या तरुण धर्मशास्त्रज्ञाने फाउस्टवरील निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा आपला विषय हिरावला गेल्याची खंत त्याने टिपणवहीत नोंदविली. बैठकीत सर्वांना हसविणारा हा तरुण १८३६ मधील एका टिपणात लिहितो की, आपल्या विनोदावर सारे खूष झाले, आपण तेथून निघालो आणि स्वतःवर गोळी झाडावी असे वाटले. घरात मृत्यूंची मालिका चालू होती. १८३४ च्या अखेरपर्यंत आई आणि सात भावंडांपैकी पाच भावंडे निवर्तली होती. उरले होते ते वृद्ध वडील, थोरला भाऊ आणि तो.

या पार्श्वभूमीवर १८३५ च्या उन्हाळ्यात तो झीलंड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील गिलेलाय या कोळ्यांच्या गावी राहिला. १ ऑगस्ट १८३५ ही तारीख असलेले त्याचे टिपण प्रसिद्ध आहे. आपल्याला काय जाणायचे आहे यापेक्षा काय करायचे आहे, हा प्रश्न तो तेथे स्वतःला विचारतो. जिच्यासाठी जगावे आणि मरावे अशी कल्पना त्याला हवी आहे. तत्त्वज्ञानाच्या सर्व व्यूहांचा अभ्यास केला, ख्रिस्ती धर्माचा अर्थ इतरांना उलगडून दाखविता आला, पण त्याला आपल्या जगण्यात काही स्थान नसेल तर त्याचा उपयोग कोणता, असे तो विचारतो. अस्तित्ववादाच्या इतिहासात या टिपणाला जन्मदाखल्याचा मान मिळाला.

परंतु हा दाखला निर्विवाद नाही. १९७६ मध्ये हेनिंग फेंगर या डॅनिश अभ्यासकाने असे प्रतिपादन केले की, गिलेलायची टिपणे ही आत्मकथनपर नोंद नसून एका नियोजित पत्ररूप कादंबरीचा कच्चा मजकूर असावा. हस्तलिखितांच्या इतिहासामुळेही हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. किर्केगार्दच्या कागदपत्रांचे पहिले संपादक बारफोद यांनी १८६९ पासून ती प्रसिद्ध करताना मूळ पानांची कापाकापी केली आणि त्यांतील काही पाने कायमची नाहीशी झाली. १९९७ ते २०१३ या काळात पंचावन्न खंडांत चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तरी नष्ट झालेला कागद काही तिला परत आणता आला नाही.

उत्तर-आधुनिक वाचनाला याहून सोयीचे काय असणार? विद्यार्थ्याचा कबुलीजबाब हाच मुळी एका पात्राचा संवाद ठरला, की त्यामागे ‘खरा’ किर्केगार्द शोधण्याची गरज उरत नाही. रॉजर पूल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात, त्याच्या लेखनातून ठोक सिद्धांत काढणाऱ्या धार्मिक वाचनाला आक्षेप घेतला आणि तो योग्यच होता. १८४६ मध्ये किर्केगार्दने स्वतःच विनंती केली होती की, टोपणनावाने लिहिलेल्या ग्रंथांतील विधाने त्या त्या टोपणनावाच्या नावे उद्धृत करावीत. ही विनंती न पाळणारे वाचन त्याच्यावर अन्यायच करते.

तथापि येथून पुढची पायरी, म्हणजे मुखवट्यांच्या खेळापलीकडे काहीच नाही हा निष्कर्ष, टिपणांतून निघत नाही. याचा निर्णायक पुरावा त्याच विद्यार्थिदशेच्या शेवटी सापडतो. सप्टेंबर १८४१ मध्ये त्याने ज्या प्रबंधाचे समर्थन केले त्याचा विषय होता, सॉक्रेटीसच्या संदर्भात उपरोधाची संकल्पना. प्रबंधाच्या समारोपात उपरोधाला तो आवश्यक मानतो, पण काबूत ठेवलेला घटक म्हणून. उपरोधाशिवाय व्यक्तिगत जीवनाला आरंभ होत नाही आणि नुसत्या उपरोधावर ते उभेही राहत नाही. पॉल द मान यांनी १९७७ मध्ये याच विषयावर व्याख्यान दिले. किर्केगार्दच्या ग्रंथाची त्यांनी थोरवी मानली, पण उपरोध ही संकल्पनाच नव्हे आणि त्याला कोणत्याही कथनात बांधून ठेवता येत नाही, अशी भूमिका घेतली. मतभेद भाषेच्या स्वरूपाविषयी दिसतो. वस्तुतः तो त्या बैठकीतून बाहेर पडलेल्या तरुणाविषयी आहे. ज्याला आपल्याच विनोदापासून सुटका हवी होती त्याच्या दृष्टीने ‘काबू’ हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

ल्योतार यांनी १९७९ मध्ये महाकथनांविषयीचा अविश्वास हे उत्तर-आधुनिकतेचे लक्षण सांगितले. किर्केगार्दचा अविश्वासही महाकथनाविषयीच आहे, पण त्याच्यापुढे दोन महाकथने होती. एक हेगेलचा व्यूह आणि दुसरे राज्याश्रयी ल्यूथरपंथीय चर्च, जिच्या दप्तरी नोंद झाली की माणूस आपोआप ख्रिस्ती ठरत असे. दोन्हींवर त्याचा आक्षेप एकच : त्यांत एकट्या माणसाला काही करावे लागत नाही. महाकथन नाकारल्यावर ल्योतार यांना लहान लहान कथनांची बहुलता दिसते, तर किर्केगार्दला समोर दिसते ती स्वतःवर येऊन पडलेली मागणी. नकार समान असला तरी नकारानंतरची दिशा वेगळी आहे. हेही नोंदविले पाहिजे की, ही एकट्या माणसाची भूमिका वडिलार्जित संपत्तीच्या आधाराने दहा वर्षे शिकणाऱ्या मुलाची आहे. कोपनहेगनमधील मोलकरणीला किंवा गिलेलायच्या कोळ्याला असा उन्हाळा मिळणे शक्य नव्हते. या मर्यादेची चर्चा त्याच्या भक्तांनी आणि विरचनावाद्यांनीही करावी तितकी केलेली नाही.

या प्रकरणातून मराठी समीक्षेने घेण्याजोगा एक मुद्दा आहे. आत्मचरित्र आणि रोजनिशी यांचे मूल्यमापन आपण बहुधा ‘प्रामाणिकपणा’ या निकषावर करीत आलो आहोत. त्याची प्रतिक्रिया म्हणून अलीकडे ‘सर्व काही संहिताच’ असे म्हणून तो निकष मोडीत काढण्याकडेही कल दिसतो. गिलेलायची पाने दोन्ही भूमिकांना अपुरे ठरवितात. फेंगर यांचे म्हणणे सर्वस्वी मान्य केले तरी बावीस वर्षांच्या तरुणाने नेमके हेच पात्र का रचले, हा प्रश्न उरतोच. स्वतःला जो प्रश्न थेट विचारवत नाही तो दुसऱ्याच्या तोंडून विचारणे हाही प्रामाणिकपणाचाच एक प्रकार असू शकतो, आणि पुढे टोपणनावांनी लिहिणाऱ्या या लेखकाच्या बाबतीत तर तो बहुधा एकमेव प्रकार होता.