समुपदेशक किती लांब?

नववीतली एक मुलगी महिनाभर वर्गात कोणाशी बोलत नव्हती. बाई तिच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "कोणा समुपदेशकाला दाखवू या." आई एकदम उसळली, "आमची पोर काय वेडी आहे, येरवड्याला न्यायला?" ही हकीगत कळवून बाईंनी आम्हांला दोन प्रश्न विचारले. माणसांच्या मनात आधी येरवडाच का येतो? आणि जवळपास जायचं तर कुठे?

पहिल्याचं उत्तर जुनं आहे. आपल्याकडे मनाच्या आजारावरची मदत म्हणजे दीर्घकाळ एक मोठी, लांबची इमारत होती. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. १९१२ च्या कायद्यानुसार तिथे भरती होण्याची नेहमीची वाट न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमावरून जात असे. म्हणजे दवाखान्याच्या आधी कचेरी! शिवाय जागाही अपुरी. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिशेब आहे: इंग्लंडमध्ये सुमारे ३०० माणसांमागे एक खाट, आपल्याकडे ४०,००० माणसांमागे एक. १९१२ चा कायदा बदलायला १९८७ साल उजाडलं.

पण भिंतीला पहिलं भगदाड पाडलं ते कायद्यानं नव्हे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही तिथे राहायला बोलावलं. नातेवाईक उपचार डोळ्यांनी पाहत, आजाराविषयी ऐकत, रुग्णाशी कसं वागावं ते शिकत. माणूस बरा होतो हे एकदा पाहिल्यावर त्याला घरी न्यायची भीती उरत नसे. आम्हांला हा प्रयोग औषधांच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. अर्थात औषधांचा वाटाही आहेच. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिनचा उपयोग दिसून आला आणि पुढे अनेक रुग्णांना घरी राहून उपचार घेणं शक्य झालं.

१९८० च्या दशकात बंगळूरच्या 'निमहान्स' संस्थेनं कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी यांनाच हे काम शिकवलं. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला.

तरी बोलायला वेळ असलेलं माणूस कुठून आणायचं? गोव्यात यावर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्य क्षेत्राशी संबंध नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवलं. गरज पडल्यास मदतीला मानसोपचारतज्ज्ञ होतेच. उदासीनता आणि चिंतेच्या आजारांतून सहा महिन्यांत बरे झालेल्यांचं प्रमाण सरकारी केंद्रांत सुमारे ६६ टक्के होतं; जिथे अशी समुपदेशक नव्हती तिथे सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, तिथले रुग्ण तसेही साधारण तेवढ्याच प्रमाणात बरे होत होते. निष्कर्षाचा हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

आता बाईंचा दुसरा प्रश्न. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. या कार्यक्रमाचे लोक तालुक्याला कधी येतात तेही तिथे कळतं. १४४१६ हा 'टेलिमानस'चा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. खासगी समुपदेशकाकडे जायचं तर शिक्षण कुठे झालं आणि औषधाची गरज वाटल्यास तुम्ही कोणाकडे पाठवता, हे दोन प्रश्न सरळ विचारावेत. खऱ्या जाणकाराला त्यांचा राग येत नाही.

बाईंचं पुढचं पत्र दोन महिन्यांनी आलं. 'समुपदेशक' हा शब्द त्यांनी टाळला. "पोरीला झोप लागत नाही, डॉक्टरांना दाखवू या," एवढंच म्हणाल्या. पहिल्या खेपेला तालुक्याला खोलीला कुलूप होतं. दुसऱ्या खेपेला आई बाहेर बाकावर बसली आणि मुलगी आत चाळीस मिनिटं बोलत होती.